माणसाला चवडा असतो

टाचेमागची दोरी तुटलेला माणूस ओरडायच्या आधी मागे वळून बघतो. इतक्या वर्षांत याला अपवाद मी पाहिला नाही. आपल्याला मागून कुणीतरी सणसणीत लाथ मारली, अशी त्याची खात्री असते. पुण्यात असं झालं तर माणूस निदान "अहो, काय हे?" म्हणेल. दिल्लीत थेट कॉलर धरतात. गाझियाबादचे एक प्रॉपर्टी डीलर माझ्याकडे यायचे. मेव्हण्याच्या वरातीत बँडपुढे नाचताना त्यांची दोरी तुटली. "लात किसने मारी?" असं गरजत, एका पायावर उभं राहून, त्यांनी मागच्या माणसाची गचांडी धरली. मागे त्यांचे स्वतःचे सासरे होते. वरात थांबली, नवरदेव घोडीवरून उतरला, बायका मध्ये पडल्या. शेवटी पाहुण्यांतल्या एका डॉक्टरनं खाली बसून पाय चाचपला आणि सांगितलं की लाथ कुणीही मारलेली नाही, तुमचं टेंडन तुटलंय. माझ्याकडे पहिल्या दिवशी आले तेव्हाही त्यांना हे पटलेलं नव्हतं. म्हणाले, "मैडम, मारी तो ससुर जी ने ही थी. वो मानेंगे नहीं."

मी फिजिओथेरपिस्ट. हा शब्द दिल्लीत फार कमी लोकांच्या तोंडी बसतो. कुणी मला मालिशवाली मॅडम म्हणतं, कुणी मशीनवाली. आल्या आल्या "मैडम, मशीन लगा दो" म्हणतात. मशीन लावलं की ऊब लागते, थोड्या मुंग्या येतात, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. बरं वाटतं मशीननं आणि बरं होतं व्यायामानं, हे सांगून माझी जीभ झिजली. व्यायाम कंटाळवाणा असतो, तो स्वतः करावा लागतो, आणि केल्याचं श्रेय कुणाला देता येत नाही, म्हणून तो कुणालाच नको असतो.

मी मूळची सांगलीची. यजमानांच्या केंद्र सरकारी नोकरीबरोबर दिल्लीत आले. आधी आर. के. पुरमच्या क्वार्टरात राहिलो, मग मयूर विहारच्या सोसायटीत. एका ट्रस्टच्या दवाखान्यात बरीच वर्षं नोकरी केली आणि नंतर तळमजल्यावरच्या एका खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. गुडघे, खांदे, कंबर, लॅपटॉपपुढे माना मोडून घेतलेली नोएडाची आयटीतली पोरं, सगळं पाहिलं. या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "काकू, दोन-चार गमतीशीर पेशंट लिहा, लोकांना आवडतं." गंमत वर लिहून झाली. पुढे जे लिहिणार आहे त्यात गंमत नाही. ते एका शब्दाबद्दल आहे आणि एका मुलीच्या पायाबद्दल.

आधी ही दोरी काय असते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोटरी आणि टाच यांना जोडणारी, मागून हाताला लागणारी जाड पट्टी. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात, दिल्लीकर नस म्हणतात. पोटरीनं ती ओढली की टाच उचलते आणि माणूस पुढे जातो. चालणं, जिना चढणं, पळणं, उडी मारणं सगळं हिच्या जोरावर. ती तुटली की पूर्वी ऑपरेशन करून शिवायचेच. आता पुष्कळ पेशंटांत न शिवताही जुळते. पाऊल खाली झुकवून ठेवलं, म्हणजे टाच वर आणि बोटं खाली, की तुटलेली टोकं एकमेकांजवळ येतात. त्याच स्थितीत गुडघ्यापर्यंतचा मोठा बूट चढवायचा, बुटात टाचेखाली पाचरी ठेवायच्या, आणि काही आठवड्यांनी एकेक पाचर काढत पाऊल सपाटीला आणायचं. सुरी नाही, टाके नाहीत. फक्त धीर पाहिजे.

मेख अशी की पाऊल वेळेआधी सपाट झालं, त्याच्यावर भार पडला, तर दोरी पुन्हा तुटतेच असं नाही. ती जुळते, पण लांब होऊन जुळते. सैल पडलेल्या खाटेसारखं. खाट मोडलेली नसते, पण बसलं की बूड जमिनीला टेकतं. पोटरीनं कितीही ओढलं तरी टाच उचलत नाही. असा माणूस चालतो, बाजारात जातो, मेट्रो पकडतो. चारचौघांना कळतही नाही. त्याला पळता तेवढं येत नाही.

आता कृपाबद्दल. नाव बदललेलं आहे, आडनावही. कृपा रणनवरे वडिलांच्या खांद्यावर हात टाकून, लंगडी घालत माझ्या खोलीत आली. वडील प्रभाकर रणनवरे. मूळचे नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती, दिल्लीत सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. राहायला आमच्याच बाजूच्या सोसायटीत. मराठी मंडळातली माणसं त्यांना "सर" म्हणायची, कारण रविवारी चर्चहून परत आले की ते मंडळाच्या हॉलमध्ये लहान मुलांना मराठी शिकवायचे. जानेवारीत त्याच मुलांना बसनं पानिपतला, काला अंबच्या स्मारकापाशी घेऊन जायचे आणि थंडीत उभं करून भाषण द्यायचे. कृपाची आई पूर्वीच गेलेली. घरात दोघंच.

कृपाचा जन्म दिल्लीतला, शाळा-कॉलेज दिल्लीतलं. तिनं केंद्राच्या एका दलात सब-इन्स्पेक्टरच्या जागेसाठी लेखी परीक्षा दिली होती. पुढे दौड. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पळायचं. पास झालं तर वर्दी, नाही झालं तर काही नाही. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. रोज पहाटे पळून तिनं पाय तयार केले होते, आणि संध्याकाळी सोसायटीत सहज म्हणून बॅडमिंटन खेळताना शटल उचलायला पुढे झेपावली. तिनंही आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

सर्जननं सोनोग्राफीत पाहिलं की पाऊल झुकवल्यावर टोकं छान भिडतात. म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. कृपानं एकच विचारलं, "रेसपर्यंत होईल?" या परीक्षांच्या तारखा नेहमी पुढे सरकतात, त्यामुळे हाताशी बरेच महिने होते. सर्जन म्हणाले, "सगळं नीट झालं तर होईल." त्या "तर"साठी तिला माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या दिवशी मी सवयीनं हिंदीत सुरुवात केली. "देखो बेटा, नहाते टाइम बूट निकलेगा. तब पंजा नीचे, एड़ी ऊपर. पंजा ऊपर नहीं आना चाहिए. बिल्कुल नहीं."

रणनवरे खुर्चीत सावरून बसले. "ताई, तुम्ही सांगलीच्या ना? मग मराठीत सांगा की. आमच्या घरात मराठीच चालते."

"सांगते की."

"पंजा वाघाला असतो, ताई. माणसाला चवडा असतो."

मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. चवडा हा शब्द मी शाळेतल्या ड्रिलनंतर ऐकलाच नव्हता. "चवड्यांवर उभे राहा!" असं आमचे कवायतीचे सर ओरडायचे. बोटांच्या मागचा, पावलाचा तो पुढचा भाग, ज्याच्यावर आपण टाच उचलून उभे राहतो, तो चवडा. दिल्लीत पंजा म्हणून म्हणून माझ्याच तोंडून तो गळून गेला होता. मी कृपाला पुन्हा सांगितलं. "आंघोळीला बूट काढशील तेव्हा चवडा कायम खाली. स्टुलावर बसूनच आंघोळ करायची, चवडा खाली ठेवायचा, मग बूट चढवायचा. कळलं?"

"हो काकू."

"कळलं ना गं?" वडिलांनी विचारलं.

"हो बाबा."

मग तिला टेबलावर पालथं झोपवून, पाऊल माझ्या हातात धरून मी ते झुकवून दाखवलं. तिथं सगळं बरोबर होतं. माझ्या टेबलावर माझा हात असतो. घरच्या बाथरूममध्ये कुणाचा हात नसतो, शब्दच असतो.

नंतरचे आठवडे चांगले गेले असं मला वाटत होतं. कृपा शब्द पाळणारी मुलगी. बूट घालून झोपायची, कुबड्या घेऊन चालायची, मधूनच "काकू यार, खूप बोअर होतं" म्हणायची आणि वडील बघतायत असं दिसलं की "यार" गिळून टाकायची. रणनवरे तिच्यावर कधी ओरडले नाहीत. ती हिंदीत बोलली की त्यांचा चेहरा पडायचा, आणि हळूच म्हणायचे, "तुझ्या आईचं मराठी काय सुंदर होतं." बस, एवढंच. एकदा ती म्हणाली, "बाबा, मी करते सगळं, माझ्यावर विश्वास ठेवा ना." तर म्हणाले, "विश्वास तर पानिपतात गेला, बाई!" आणि स्वतःच हसले. तीही हसली. तिला तो विनोद कळला होता की नाही, कुणास ठाऊक. त्या घरात "मला कळलं नाही" म्हणायची सोय नव्हती, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

त्यांनी मला अभिमानानं सांगितलं होतं, "मी रोज बाथरूमच्या दाराबाहेर उभा राहतो, ताई. आतून पाण्याचा आवाज आला की विचारतो, कृपा, चवडा खाली आहे ना? म्हणते, हो बाबा. एक दिवस चुकवला नाही."

शेवटची पाचर निघाली. बूट निघाला. त्या दिवशी मी तिला पालथं झोपवलं आणि दोन्ही गुडघे वाकवून तळवे छताकडे केले. ही आमची साधी तपासणी, हिला कुठलं यंत्र लागत नाही. चांगल्या पावलाची बोटं किंचित वर रोखलेली होती, तशी असायलाच हवीत. दुखऱ्या पावलाचा तळवा ताटासारखा सपाट पडला होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोरी जुळली होती, हाताला चांगली जाड लागत होती, आणि लांब झाली होती. नंतरच्या सोनोग्राफीत तेच आलं.

असं होण्याचं काही कारण मला सापडेना. पाचरी वेळेवर काढल्या होत्या, ती कुठं पडली नव्हती. रणनवरे स्कूटर लावायला बाहेर गेले होते. मी खोलीतलं प्लास्टिकचं स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाले, "आंघोळ कशी करायचीस, मला करून दाखव."

ती स्टुलावर बसली. दोन्ही पाय फाकवून लांब लांब ठेवले. दोन्ही पावलं टाचेसकट जमिनीवर सपाट. मग गुडघ्यांवर हात देऊन, दोन्ही पायांवर भार टाकून उभी राहिली.

"हे काय?" मी म्हणाले.

"चवडा. आणि खाली." ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना. पैर चौड़ा करके, नीचे. म्हणजे बॅलन्स जात नाही. असं उभं राहून मग बूट चढवायचे."

ती माझ्या चेहऱ्याकडे पाहायला लागली.

"चौड़ा म्हणजे रुंद, कृपा. हिंदीत. मी चवडा म्हणाले होते."

"हो, तेच ना? बाबा चमचा, चोर, सगळ्यांतला च वेगळा बोलतात. हिंदीत तेच शब्द आहेत, फक्त च वेगळा. मला वाटलं चौड़ा पण मराठीत असाच होतो, चवडा."

"चवडा म्हणजे पंजा."

ती खाली बसली. स्वतःच्या पावलाकडे बघत राहिली. "पंजा?" म्हणाली. "चवडा म्हणजे पंजा?" आणि मग फार हळू आवाजात, हिंदीत, "पहले तो आपने पंजा ही बोला था, काकू. बाबा ने टोका, तो मुझे लगा वो वाली बात गलत थी."

मला राग आला. कुणाचा ते कळेना. त्या बापाचा, त्या शब्दाचा, तो शब्द ऐकून सुखावलेल्या माझा, की प्रत्येक वेळी "हो" म्हणणाऱ्या त्या पोरीचा. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण बाहेर स्कूटर बंद झाल्याचा आवाज आला.

कृपानं माझं मनगट धरलं. "बाबांना नका सांगू."

"अगं, कारण विचारतील ते."

"काहीही सांगा. रोज दाराबाहेर उभे राहून तेच विचारायचे, आणि मी रोज हो म्हणायचे. त्यांना कळलं ना, तर ते जगणार नाहीत, काकू. आई गेल्यावर त्यांच्याकडे मराठीच आहे."

रणनवरे आत आले तेव्हा मी म्हटलं, दोरी जरा सैल जुळली आहे, मेहनत घ्यावी लागेल. ते म्हणाले, "घेऊ की! मेहनतीला रणनवरे कधी भ्यायलेत का?"

सर्जननं सांगितलं, दोरी कापून आखूड करता येते, पण मग पुन्हा बूट, पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तोवर दौड होऊन गेलेली असेल. कृपा म्हणाली, आधी पळते. मग बघू.

त्यानंतरचे महिने मला आठवायला नको वाटतात. ती रोज यायची. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलायची, ते जमायचं, कारण चांगला पाय दोघांचं काम करायचा. मग मी म्हणायचे, चांगला पाय उचल. टाच खाली यायची. ती दात आवळायची, पोटरी थरथरायची, घाम यायचा, आणि टाच जमिनीवर. रबरी पट्टे, वजनं, पायरीवर चढ-उतार, मला येत होतं ते सगळं केलं. एकदा तर तिच्या समाधानासाठी मशीनसुद्धा लावलं, मीच, जिनं आयुष्यभर मशीनला नावं ठेवली. सैल दोरीला मेहनतीनं आखूड करता येत नाही. पोटरी बळकट होते, पण जोर टाचेपर्यंत पोचायच्या आत संपतो. मला हे माहीत होतं. तिलाही हळूहळू कळत होतं.

दिल्लीचे पेशंट "हो जाएगा ना?" विचारतात आणि आपण "बिल्कुल हो जाएगा" म्हणायचं असतं, तशी पद्धतच आहे. कृपानं एकदाच विचारलं. "काकू, होईल ना?" मी म्हणाले, "अजून दहा कर." याहून वाईट उत्तर मी कुणाला दिलेलं नाही.

दौड थंडीत होती, शहराबाहेरच्या एका मैदानावर. धुकं इतकं की पलीकडचं वळण दिसत नव्हतं. रणनवऱ्यांनी आग्रह केला म्हणून मीही गेले. ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू त्यांचीच मुलाखत होती. गाडीत त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि "आमेन" कृपाही म्हणाली.

सुरुवातीला ती मुलींच्या घोळक्यात होती. मग घोळका पुढे गेला. एक पाय तिला पुढे ढकलत होता आणि दुसरा नुसता खाली पडत होता. ज्याला माहीत नाही त्याला वाटलं असतं, मुलगी जरा थकली आहे. ती आमच्या बाजूनं गेली तेव्हा रणनवरे कठड्यावर वाकून ओरडले, "चवड्यावर पळ, कृपा! चवड्यावर!"

तिनं मान वळवली नाही. आता तिला तो शब्द पक्का येत होता.

शिट्टी झाली तेव्हा ती अजून पलीकडच्या वळणाला होती. वेळ संपला होता. रेषेवरच्या शिपायानं हात दाखवला, "बस बेटा, हो गया." ती थांबली नाही. धुक्यातून तसंच ठेचकाळत रेषेपर्यंत आली, छातीवरचा नंबर स्वतः सोडला आणि त्याच्या हातात दिला.

मैदानाबाहेर, चहाच्या टपरीशी, रणनवऱ्यांनी मला विचारलं, "ताई, कुठं चुकलं हो? तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं आम्ही. अक्षरशः तसं."

कृपा माझ्याकडे बघत होती.

"काही दोऱ्या सैलच जुळतात," मी म्हणाले.

"असं कसं? कारण असेल ना काहीतरी. उपचारात काही राहिलं असेल."

"असेल," मी म्हणाले.

"मग तुमच्याकडे आणायलाच नको होतं." हे त्यांनी न ओरडता, शांतपणे म्हटलं. कृपानं तोंड फिरवलं.

मंडळात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आपली माणसं परमुलखात एकत्र राहतात ती सुखदुःखासाठी, तशी बातम्यांसाठीही. हळदीकुंकवाला बायका मला विचारायच्या, "त्या रणनवऱ्यांच्या मुलीचं काय झालं हो?" प्रश्नात उत्तर असायचं. माझ्याकडे मराठी पेशंट यायचे थांबले. मी कुणी संत नाही. एकदा भर पंगतीत खरं काय ते जिभेच्या टोकावर आलं होतं. समोर रणनवरे मुलांना पानातल्या पदार्थांची नावं मराठीत म्हणायला लावत होते, चटणी, कोशिंबीर, भरीत, आणि मुलं ओरडून म्हणत होती. मी ते घासाबरोबर गिळलं.

मग बऱ्याच दिवसांनी कृपाचा फोन आला. "काकू, बाबांना कळलं."

रविवारच्या वर्गात रणनवरे मुलांना शरीराचे अवयव शिकवत होते. कोपर दाखवा, पोटरी दाखवा, घोटा दाखवा. मग म्हणाले, चवडा दाखवा. एका छोट्या मुलीनं दोन्ही हात पसरले, पाय फाकवले आणि म्हणाली, "सर, इतना चौड़ा!" सगळा वर्ग हसला. पालकही हसले. रणनवरे हसले नाहीत. वर्ग तिथंच सोडून घरी आले.

"मला म्हणाले, चवडा दाखव," कृपा सांगत होती. "मी पंजा दाखवला, बरोबर दाखवला. मग म्हणाले, तेव्हा काय दाखवलं असतंस? मला खोटं बोलता नाही आलं, काकू. मी काहीच नाही बोलले."

"मग?"

"मग जाऊन बाथरूमच्या दारापाशी उभे राहिले. आत कुणी नव्हतं. खूप वेळ उभे होते."

वर्ग बंद झाला. मंडळातल्या लोकांनी समजूत घातली, मुलं लहान आहेत, चुकतात, सर. त्यांनी हॉलची किल्ली परत दिली. त्या जानेवारीत पानिपतची बस निघाली नाही. मराठी मासिकं बंद केली, दिवाळी अंकसुद्धा. म्हणूनच मी हे लिहिण्याचं धाडस करते आहे. कृपाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा काकू. आता आमच्या घरी कोण वाचणार आहे?"

शेवटचं सांगते. गेल्या हिवाळ्यात दोघं माझ्याकडे आली. कृपा आता नोएडात एका ऑफिसात बसून काम करते. ऑपरेशनचं मी विचारलं तर म्हणाली, "आता कशाला?" ती चांगली चालते. फक्त माझ्या दारातल्या तीन पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकते.

रणनवरे खुर्चीच्या कडेवर बसले. फार वाळले होते. हात जोडून म्हणाले, "डॉक्टर साहब, आपकी गलती नहीं थी. गलती मेरा था. लोगों को मैंने आपके बारे में बहुत कुछ बोला."

मला वाटलं, माफी मराठीत मागणं अवघड गेलं असेल म्हणून हिंदीत बोलले. मी म्हणाले, "असू द्या हो, रणनवरे साहेब. झालं ते झालं. चहा टाकते, घेणार ना?"

"नहीं जी. तकलीफ मत कीजिए."

मी पुन्हा मराठीत काहीतरी विचारलं, तब्येतीचं, गावाकडचं. प्रत्येक वेळी उत्तर हिंदीत. ऑफिसात फायलींवर शिकलेलं हिंदी, लिंगं चुकलेलं, जपून जपून बोललेलं. निघताना ते पुढे झाले आणि पायऱ्यांपाशी थांबून मुलीला म्हणाले, "बेटा, आराम से उतरना. संभल के. समझ में आया ना?"

"हो बाबा," ती म्हणाली.

ते खाली उतरून स्कूटरपाशी गेले तशी कृपा माझ्या कानाशी आली. तिचे डोळे भरले होते. "काकू, घरी पण असंच बोलतात. सगळं हिंदीत, दोन-दोन वेळा समजावून. तुम्ही सांगा ना त्यांना. हिंदीत ते मला माझे बाबा वाटतच नाहीत. कुणी अंकल राहतायत घरात असं वाटतं."

मी पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेले. म्हणाले, "रणनवरे साहेब, घरात मराठी बोला हो. पोरगी मागतेय तुमच्याकडे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि "जी" म्हणाले.